खरं पत्र ताज्या कलमात

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून थोडक्यात देते. वय अडतीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरी नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. दोन वर्षांपूर्वी वडील रात्री हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. त्या रात्री वडिलांचा फोन येऊन गेला होता. मोबाइल सायलेंटवर होता, तो मिस्ड कॉल यांनी सकाळी पाहिला. त्यानंतर झोप उडाली, वर्गात शिकवताना मध्येच डोळे भरून यायला लागले. मैत्रिणीच्या आग्रहामुळे त्या गावातल्या एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागल्या. सहा महिने, आठवड्यातून एकदा, भेटीचे आठशे रुपये. "त्या नुसत्या ऐकतात. काय करू विचारलं, तर म्हणतात, तुम्हाला काय वाटतं?" शेवटी काही न सांगता यांनी जाणं बंद केलं. आता चार महिने एक तरुण थेरपिस्ट ऑनलाइन भेटतात. ते तक्ते भरायला देतात: प्रसंग, विचार, भावना, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा. एक सहकारी बाई दोन दिवसांच्या संमोहन शिबिराला चला म्हणतात. तिथे गतजन्मापर्यंत जाऊन मूळ कारण काढतात, फी पंधरा हजार. दीर म्हणतात, थेट डॉक्टर गाठा, गोळ्या सुरू करा. सासूबाई म्हणतात, पारायणाला बस. "यातली खरी पद्धत कोणती? मी चुकीच्या ठिकाणी गेले का? एवढे पैसे आणि जवळजवळ वर्ष वाया गेलं का?" असं त्यांनी विचारलं आहे. सहीच्या खाली दोन ओळी आहेत: "ता. क. हल्ली निघताना गॅस आणि कुलूप फार वेळा तपासते, त्यात एसटी चुकते. फोटो काढून ठेवते. मिस्टर चिडतात. पण ते वेगळं आहे, वयानं होत असेल."

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चार पानं वडिलांविषयी आणि उपचारांविषयी, आणि मग सही झाल्यावर, जाता जाता सांगावं तसं ते गॅसचं. ते वेगळं आहे असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही, आणि या उत्तराचा मोठा भाग त्या दोन ओळींवरच जाणार आहे. पण आधी तुमचा मूळ प्रश्न घेते, कारण तो विचारणारी दर महिन्याला चार-पाच पत्रं येतात.

खरी पद्धत कोणती, असं विचारताना आपण धरून चालतो की मनाच्या त्रासावर एक नेमका उपाय असतो, तो एकाच दुकानात मिळतो आणि आपण भलत्याच दुकानात शिरलो. विषमज्वराचं तसं असतं. जंतू ठरलेला, औषध ठरलेलं. माणूस गेल्याच्या दुःखाचं तसं नसतं. सॉल रोझेनझ्वाइग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं, की एकमेकींना खोडून काढणाऱ्या उपचारपद्धतींना यश मात्र सारखंच येताना दिसतं, तर मग त्या सगळ्यांत काहीतरी समान असलं पाहिजे. ते समान काय, यावर पुढे पुष्कळ काम झालं. मला त्यातली एडवर्ड बॉर्डिन यांची १९७९ ची मांडणी सगळ्यात उपयोगी वाटते. ते म्हणतात, उपचार करणारा आणि घेणारा यांच्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: आपण कशासाठी भेटतोय, त्यासाठी दोघांनी काय करायचं, आणि एकमेकांवरचा विश्वास.

आता तुमच्या पहिल्या समुपदेशक बाईंचे सहा महिने या तिन्हींवर घासून बघा. तुम्हीच लिहिलंय, "त्यांच्यापुढे पहिल्यांदा मोकळी रडले" आणि "आता बाबांच्या फोटोकडे बघता येतं." म्हणजे विश्वास होता आणि त्यानं काम केलं. पहिल्या दोन गोष्टींवर मात्र तुम्हा दोघींचं कधी बोलणंच झालेलं दिसत नाही.

'तुम्हाला काय वाटतं?' हा प्रश्न उत्तर टाळण्यासाठी नसतो, निदान नसावा. कार्ल रॉजर्स यांनी अमेरिकेत ही वाट रुजवली. समोरच्याला सल्ला देण्याऐवजी त्याला कसलीही अट न घालता स्वीकारायचं, त्याच्या जागी उभं राहून समजून घ्यायचं, आणि स्वतः खोटा मुखवटा घालायचा नाही. एवढं नीट झालं तर माणूस आपली दिशा आपण शोधतो, असं ते मानत. १९५७ मध्ये त्यांनी या अटी एका प्रसिद्ध निबंधात मांडल्या. न उचललेल्या फोनच्या दुःखाला हे ऐकणं फार लागू पडतं. घरात तुम्ही तो विषय काढलात की काय होत असेल? 'तुझी काय चूक त्यात, सोड आता.' प्रेमानंच म्हणतात, पण दार बंद होतं. त्या बाईंनी ते दार सहा महिने उघडं ठेवलं. ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

त्याच वेळी, 'मला कोणीतरी सांगावं' ही तुमची अपेक्षाही चुकीची नव्हती. मानसोपचारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु-शिष्य नात्याचा उपचाराचा एक नमुना म्हणून विचार केला होता. आपल्याकडचा माणूस उपचार करणाऱ्याकडे वडीलधारं म्हणून बघतो, मार्गदर्शन मागतो. त्याला 'तुमचं तुम्ही शोधा' म्हटलं तर सोडून दिल्यासारखं वाटू शकतं. मला नेकींचं म्हणणं पटतं. पण मग तुम्ही त्या बाईंना हे सांगितलं का नाहीत? 'मला नुसतं ऐकून घेणं पुरत नाहीये' एवढं एक वाक्य. तुम्ही शिक्षिका आहात. 'समजलं का?' विचारल्यावर सगळा वर्ग 'हो बाई' म्हणतो, आणि वही तपासायला घेतली की कळतं किती समजलंय ते. तुम्ही सहा महिने त्यांना 'हो बाई' म्हणत होतात. पुढच्या आठवड्यात येते सांगून गेलात आणि गेलाच नाहीत. मोठ्या माणसाच्या तोंडावर नाराजी सांगायची नाही, हे आपल्या हाडात भिनलेलं आहे. उपचाराच्या खोलीत मात्र त्याची किंमत फक्त तुम्हाला मोजावी लागते.

आता गॅस.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाहीये. पण तुम्ही लिहिलेल्या दोन ओळींत इतकं आहे की ते दुर्लक्षून पद्धतींवर गप्पा मारणं बरोबर होणार नाही. फार वेळा तपासता. एसटी चुकते. फोटो काढता, म्हणजे शाळेत गेल्यावर ते उघडून बघतही असाल. 'मिस्टर चिडतात', म्हणजे त्यांनाही विचारलं जात असणार, बंद केला होता ना? आणि हे तुम्ही दोघांपैकी एकाही समुपदेशकाला सांगितलेलं पत्रात कुठेच दिसत नाही. लाज वाटली असेल. शिकली-सवरलेली बाई आणि हे काय वेड्यासारखं, असं.

आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र म्हणताना चूक झाली तर माणसाला चळ लागतो, अशी समजूत त्या शब्दामागे आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनाही हा त्रास ओळखीचा होता: नीट झालं का, पुन्हा एकदा, अजून एकदा. आज डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. साधी सवय कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो याचा एक ढोबळ अंदाज असा, की या विचारांत आणि तपासण्यात रोजचा तासभर किंवा जास्त जातोय का, आणि त्यामुळे काम, नाती, झोप यांत अडथळा येतोय का. तुमची एसटी चुकतेय. वेळ किती जातो तो तुम्ही मोजा.

आणि 'गॅस चालू राहिला तर?' हा विचार येतो म्हणून घाबरू नका. १९७८ मध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्वा यांनी दाखवलं की असे नको ते, भयानक विचार कसलाही आजार नसलेल्या माणसांनाही येतात, आणि आशयात ते रुग्णांच्या विचारांसारखेच असतात. फरक पडतो तो त्या विचाराला आपण काय अर्थ देतो आणि पुढे काय करतो यानं.

एकाच रेग्युलेटरकडे वेगवेगळ्या पद्धतींची माणसं कशी बघतील ते सांगते, म्हणजे तुमचा 'कोणती पद्धत' हा प्रश्न हवेत राहणार नाही.

मनोविश्लेषणाच्या परंपरेतला माणूस विचारेल, हा गॅस नेमका कधी सुरू झाला? फ्रॉइडपासून चालत आलेली ही परंपरा आपल्याकडे फार लवकर आली. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती. तो माणूस म्हणेल, एका रात्री तुमच्याकडून एक गोष्ट बघायची राहून गेली आणि वडील गेले. आता तुम्ही काहीच बघायचं राहू देत नाही. मला हे वाचतानाच जाणवलं होतं, आणि ते खरं असण्याची शक्यता पुष्कळ आहे. तुम्हालाही आत्ता वाचताना पोटात काहीतरी हललं असेल. पण माझा अनुभव सांगतो, की हे कळलं म्हणून दुसऱ्या दिवशी हात रेग्युलेटरकडे जायचा थांबत नाही. कारण कळणं आणि सवय सुटणं या दोन वेगळ्या वाटा आहेत.

विचारांवर काम करणारा थेरपिस्ट तुमच्या तक्त्यांकडे बघेल. आरोन बेक यांनी फिलाडेल्फियात आणि अल्बर्ट एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये, दोघांनी साधारण १९५५ ते १९६५ या काळात, मनोविश्लेषणापासून दूर होत ही दिशा घेतली. एलिस यांची पद्धत किशोर फडके यांच्यामुळे महाराष्ट्रात 'विवेकनिष्ठ' या नावानं पुष्कळांना माहीत झाली. घटना त्रास देत नाही, तिच्याबद्दलची आपली धारणा देते, हे तिचं सूत्र. तुमच्या बाबतीत ही धारणा बहुधा अशी असेल: 'माझ्यामुळे काही वाईट घडण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर ते टाळणं सर्वस्वी माझी जबाबदारी.' पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये ओसीडीच्या मुळाशी हीच फुगलेली जबाबदारी दाखवली. हिच्यावर काम करणं उपयोगाचं आहे. 'गॅस चालू आहे की बंद' याच्या पुराव्यांवर तासन् तास काम करणं मात्र उलटतं.

हे मी ठामपणे सांगते, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. मी शिकले ती विचारांच्या पद्धतीत. सुरुवातीच्या वर्षांत कुलपं तपासणाऱ्या एका व्यक्तीबरोबर मी कितीतरी महिने पुरावे मांडत बसले. शंका येण्याची टक्केवारी, चोरी होण्याची टक्केवारी. दर भेटीच्या शेवटी त्या व्यक्तीला हायसं वाटायचं आणि मला काम झाल्यासारखं. प्रत्यक्षात मीच तिचं सगळ्यात महागडं कुलूप तपासणं झाले होते. आठवड्यातून एकदा येऊन माझ्याकडून खात्री करून घ्यायची. त्या व्यक्तीनं येणं थांबवलं तेव्हा मला वाईट वाटलं, आणि का थांबवलं ते समजायला आणखी काही वर्षं गेली. तुमच्या तक्त्यात 'गॅस चालू असण्याची शक्यता: एक टक्का' असं काही लिहिलेलं असेल आणि मग त्या एक टक्क्यानं झोप उडवली असेल, तर तो तक्ता आता तुमचा तिसरा रेग्युलेटर आहे. दुसरा म्हणजे मोबाइलमधला फोटो.

वर्तनावर काम करणारा माणूस वेगळ्याच जागी बोट ठेवतो: तपासणं हाच आजाराचा खुराक. नेदरलँड्समधल्या मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट यांचा २००३ मधला एक प्रयोग तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. त्यांनी कसलाही त्रास नसलेल्या विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखवली आणि तिची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी विचारलं, मघाशी कोणती बटणं तपासलीत? उत्तरं बऱ्यापैकी बरोबर होती. पण वारंवार तपासणाऱ्यांना स्वतःच्या आठवणीवर भरवसा उरला नव्हता. चित्र धूसर झालं होतं. म्हणजे आठवत नाही म्हणून आपण तपासत नाही, तपासतो म्हणून आठवणीवरचा विश्वास उडतो. 'वयानं होत असेल' या तुमच्या वाक्याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. वयाची काही गरज नाही, वीस वर्षांच्या मुलांनाही असं होतं.

या त्रासावर ज्या उपचाराच्या बाजूनं सर्वाधिक पुरावा आहे त्याचं नाव एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, सगळे ईआरपी म्हणतात. व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरच्या अशा उपचाराची माहिती प्रसिद्ध केली, तिथून याची सुरुवात धरतात. मराठीत साधं सांगायचं तर शंकेला सामोरं जायचं आणि शंका फेडायची नाही. सुरुवातीला थेरपिस्ट तुमच्याबरोबर एक शिडी तयार करतो. शून्य ते शंभर, किती भीती वाटेल? सासूबाई घरी असताना रेग्युलेटर एकदाच बंद करून स्वयंपाकघरातून बाहेर येणं, कदाचित तीस. फोटो न काढता निघणं, पन्नास. शेवटी तुम्हीच निघताय, घरात कोणी नाही, आणि परत फिरायचं नाही, हे नव्वद असेल. खालच्या पायरीपासून सुरुवात होते. भीती चढते, छातीत धडधडतं, हात परत मागे ओढला जातो, आणि काही न करता तसंच राहिलं की बहुतेक वेळा ती आपण होऊन ओसरते. कधी ओसरत नाही, तरी दिवस पार पडतो, आणि शंका बरोबर घेऊनही वर्गात गणित शिकवता येतं हे शरीराला कळतं. साधारण १२ ते २० भेटींचं हे काम आहे. सोपं नाही. पहिले काही दिवस त्रास वाढतो, हे तुम्हाला आधीच सांगायला हवं.

म्हणून 'सगळ्या पद्धती सारख्याच' हे रोझेनझ्वाइगचं वाक्यही पूर्ण सत्य धरू नका. दुःख, एकटेपण, नात्यांचा गुंता, आयुष्यात पुढे काय असा पेच, यांत कुणाबरोबर बसता याला फार महत्त्व आहे. मंत्रचळ, अचानक येणारे घबराटीचे झटके, एखाद्या गोष्टीची पराकोटीची भीती, अपघात किंवा अत्याचारानंतर पुन्हा पुन्हा दिसणारी दृश्यं, यांत समोरचा माणूस चांगला असून भागत नाही. त्याला ते नेमकं तंत्र यावं लागतं. ही रेघ मी बऱ्याच वाचकांसाठी ओढतेय, तुमच्या एकट्यासाठी नाही.

आणि ज्यांना उठून आंघोळ करावीशीही वाटत नाही अशा नैराश्यात काही वेळा आश्चर्य वाटावं इतकी साधी पद्धत काम करते. गोव्यातल्या संगाथ संस्थेनं, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत एकच गोष्ट करायला मदत केली: बंद पडलेली छोटी छोटी कामं, भेटीगाठी ठरवून पुन्हा सुरू करणं. हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या रेषेखाली आलेले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. गावात मोठा तज्ज्ञ नाही म्हणून हातपाय गाळून बसलेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तुमच्या यजमानांविषयी. ते चिडतात, आणि बहुधा चिडून का होईना 'हो, बंद आहे' असं सांगतात. दोन्हींमुळे गाठ घट्टच होते. आपल्याकडे उपचार कधीच एकट्या माणसाचा नसतो. अमृतसरच्या मनोरुग्णालयात विद्यासागर नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं, त्यांना उपचारात घेतलं, ते याच जाणिवेतून. यजमानांना एका भेटीला बरोबर न्या. तिथे तिघांनी मिळून एक वाक्य ठरवा, उदाहरणार्थ, 'तुला शंका येतेय हे कळतंय मला, पण आपलं ठरलंय की मी उत्तर द्यायचं नाही. चल, उशीर होतोय.' हे आधी ठरवून, तुमच्या संमतीनं. उद्या सकाळी अचानक त्यांनी उत्तर देणं बंद केलं तर ती शिक्षा वाटेल.

दीरांचं म्हणणं उडवून लावू नका. ओसीडीत सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गटातल्या गोळ्यांचा उपयोग होतो. झोपेच्या गोळ्यांसारखी त्यांची चटक लागत नाही. पण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडेही लागू शकतात, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी कराव्या लागतात. दिवसाचा बराच वेळ तपासण्यात जात असेल किंवा झोप अजूनही येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटाच. जिल्हा रुग्णालयात हे होऊ शकतं. शाळेत कळेल का ही भीती तुम्ही पत्रात व्यक्त केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक केलं आहे.

त्या शिबिराला जाऊ नका. संमोहनाचे वैद्यकीय उपयोग आहेत, वेदना कमी करण्यासाठी ते वापरलंही जातं. पण गतजन्मात जाऊन मूळ शोधण्याला कसलाही आधार नाही, आणि त्या अवस्थेत न घडलेल्या गोष्टींच्या आठवणी तयार होऊ शकतात. आधीच अपराधीपण वाहणाऱ्या मनावर कुठल्याशा जन्माचं आणखी एक पाप लादलं जाणं मला अजिबात नको आहे. पंधरा हजारांत ईआरपीच्या बऱ्याच भेटी होतात.

पारायणानं तुम्हाला शांत वाटत असेल तर जरूर करा, सासूबाईंबरोबर बसा. फक्त एक बघा. ओळ चुकली म्हणून अध्याय पहिल्यापासून, असं होऊ लागलं तर तिथे थांबा आणि थेरपिस्टला सांगा.

मग कोणाकडे जायचं? मला तीन वाटा दिसतात. सध्याच्या तरुण थेरपिस्टला गॅसचं सगळं सांगून विचारायचं, तुम्हाला ईआरपी येते का, तुम्ही किती जणांबरोबर केली आहे, आणि घरी करायच्या पायऱ्या माझ्याबरोबर कशा ठरवाल? उत्तर प्रामाणिक आणि नेमकं आलं तर तिथेच राहा. ऑनलाइन असल्याचा इथे फायदाच आहे, कॅमेरा थेट स्वयंपाकघरात नेता येतो. 'हे मला येत नाही, पण मी तुम्हाला कुणाकडे तरी पाठवतो' असं उत्तर आलं तर तेही चांगल्या माणसाचं उत्तर आहे. ते गोलमोल बोलले, तर दुसरी वाट. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही. समुपदेशक ही पाटी फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं लावतात, म्हणून विचारावं लागतं. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि एखाद्या रात्री अपराधीपण इतकं वाढलं की जगणं नकोसं वाटलं, तर सकाळची वाट न बघता याच क्रमांकावर फोन करायचा आणि यजमानांना उठवायचं.

तिसरी वाट, पहिल्या बाईंकडे परत जायची. गॅससाठी मी ती सुचवणार नाही. पण न उचललेल्या फोनचं बोलणं तिथे अर्धवट राहिलंय असं मला वाटतं. आठवड्याला नको, महिन्याला एकदा जा, आणि या वेळी सुरुवातीलाच सांगा, 'मी न सांगता यायची बंद झाले होते. मला तुमचं ऐकणं हवं होतं, पण कधीतरी तुमचं मतही हवं होतं.' त्या दुखावणार नाहीत. चांगल्या समुपदेशकाला असं वाक्य ऐकायला मिळणं म्हणजे काम पुढे सरकणं. दोघांकडे एकाच वेळी जाणार असाल तर दोघांनाही एकमेकांविषयी माहीत असू द्या.

पहिल्या आठवड्यात बाकी काही करू नका, तपासणंही मुद्दाम कमी करायला जाऊ नका. फक्त नोंद ठेवा: किती वाजता, किती वेळा, किती मिनिटं, कितीदा फोटो उघडला, यजमानांना कितीदा विचारलं. तुमच्या हजेरीपटासारखं, शेरा न मारता.

आणि पुढच्या भेटीला जाताना त्या ताज्या कलमाच्या दोन ओळी जशाच्या तशा कागदावर उतरवून न्या, शेवटचं 'ते वेगळं आहे' तेवढं वगळून. तोंडातून शब्द निघाले नाहीत तर कागद पुढे करा. ऑनलाइन असेल तर कॅमेऱ्यासमोर धरा. भेट सुरू झाल्या झाल्या, निरोप घेताना नको.